कडूबाईचे मासे

आमच्या गावात अजून सांगतात की बारवेत मासे माणिकराव पाटलांच्या घरानं सोडले. साफ खोटं आहे. मासे सोडले माझ्या थोरल्या जावेनं, कडूबाईनं. मी तिथं होते. माझे केस पांढरे झाले तरी तो राग उतरलेला नाही, आणि मला तो उतरवायचाही नाही.

निजामाच्या राज्यातली, रझाकारांच्या आधीची गोष्ट. झरीच्या अंगाला आमचं गाव. प्यायला पाणी एकच, बारवेचं. पायऱ्या उतरायच्या, घोटाभर पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. त्याच पाण्यातून नारू व्हायचा. पायाला फोड यायचा, तो फुटायचा आणि त्यातून दोऱ्यासारखा किडा डोकं काढायचा. काडीला गुंडाळून तो रोज थोडा थोडा बाहेर घ्यायचा. घाई केली आणि आत तुटला की पाय सडायचा. माझे थोरले दीर सटवाजी, कडूबाईचा नवरा, त्यातच गेले. पेरणी तोंडावर आली होती म्हणून त्यांनी किड्याला हिसका दिला. पेरणी दुसऱ्यांनी केली.

ते गेल्यावर थोड्याच दिवसांनी परभणीहून सरकारी दवाखान्याचा माणूस आला. पारावर उभा राहून म्हणाला, नारूचं बी पाण्यातल्या बारीक किड्यांत असतं, बारके मासे ते किडे खातात, तेव्हा बारवेत मासे सोडा. सगळे हसले. मासे हागलेलं पाणी आम्ही प्यायचं काय, असं त्याला तोंडावर विचारलं. कडूबाई हसली नाही. डोक्यावर मडकं घेऊन ती दुधना नदीला गेली, गुडघाभर पाण्यात उभं राहून पदरानं बोटाएवढे मासे धरले आणि आणून बारवेत सोडले. पुढं वर्ष-दोन वर्षांत गावात नारूची काडी दिसेनाशी झाली. कडूबाईला कुणी चांगला शब्द बोललं असेल तर शपथ.

तिच्या तोंडाला मात्र गाव भ्यायचं. तिनं शिवी दिली की वेशीपर्यंत ऐकू जायची.

एका उन्हाळ्यात बारव पार तळाला गेली. गाळ काढायचं ठरलं. माशांचं काय करायचं म्हटल्यावर कुणीतरी म्हणालं, "कालवण करा." कडूबाई पारावर चढली. "माझ्या माशाला जो हात लावील त्याचा हात मोडून चुलीत घालीन! आदी मासे निघतील, मग कुदळ पडंल."

तिनं लिंबाच्या सावलीत रांजण गळ्यापर्यंत पुरला. त्यात बारवेचंच हिरवट पाणी भरलं. मी म्हटलं, "बाई, माझ्याकडं गाळलेलं सोच्छ पाणी हाय की." तर माझ्यावरच खेकसली, "तुला कुणी उचलून दुसऱ्याच्या घरात टाकलं तं चालंल का? त्येंला त्येंचंच पाणी पायजे." मग ती शेवटच्या पायरीवर बसली. मडकं पाण्यात आडवं धरलं, तोंडाशी भाकरीचा चुरा सोडला, आणि हलली नाही. मासे आपण होऊन आत शिरले की मडकं हळूच उभं करायची. एकही मासा तिनं पाण्याबाहेर काढला नाही.

रांजणावर तिनं ओलं तरट टाकलं, हवेला एक बाजू उघडी ठेवली, आणि शेजारी बसून राहिली. रोज लोटाभर शिळं पाणी काढायची आणि बाजूला साठवलेलं बारवेचं लोटाभर घालायची. कुणी पाय आपटत आलं की नुसती डोळे वटारायची. "सावली पडली तरी दचकतेत. दचकूनच मरतेत," हे मला कानात सांगितलं. गाळ निघेपर्यंत त्या बाईच्या तोंडून एक शिवी ऐकली नाही. गाळ काढणारे गडी मुद्दाम टोमणे मारत होते, ती तरट ओलं करत राहायची. एवढा राग गिळायला काय लागतं ते मला विचारा, मला तर घोटभर गिळता येत नाही.

बारव चकचकीत झाली, नवे झरे फुटले. आणि मग माणिकराव पाटलांना देव आठवला. "मासा म्हंजी देवाचा पहिला अवतार. वाजत गाजत सोडू," म्हणाले. त्यांची बायको, कमलबाई पाटलीण, सवाष्णी घेऊन लिंबाखाली आली. कडूबाईला म्हणाली, "तू आता घरात बस. शुभ काम हाय."

"मासे मी आणलेत, पाटलीणबाई."

"आणले आसतील. रांडाव बाईच्या हातानं सोडले तर बारव आटंल."

कडूबाई रांजणापुढं आडवी झाली. तिला दंडाला धरून ओढत घरात नेलं आणि बाहेरून कडी लावली. कडी लावणारा माझाच नवरा, तिचा सख्खा दीर. माझ्या हातात आरतीचं ताट कोंबलं, कारण माझं कुंकू शाबूत होतं. असल्या कुंकवाला काय जाळायचंय!

देवळातलं तांब्याचं घंगाळ चिंचेनं लखलखीत घासलं होतं. त्यात ताजं पाणी ओतलं, हळद-कुंकू टाकलं आणि रांजणातले मासे टोपलीनं उपसून त्यात घातले. चिंचेनं घासलेलं तांबं माशाला विषासारखं, हे आम्हाला पुढं कळलं. कडूबाईलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. पण ती दाराआडून जिवाच्या आकांतानं ओरडत होती, "मातीतच ऱ्हाऊ द्या! त्येंचं पाणी बदलू नका! वाजवू नका!" मी ते मोठ्यानं सगळ्यांना सांगितलं, तर नवऱ्यानं मला गप्प केलं आणि पाटलांनी हलगी आणखी जोरात वाजवायला लावली. मारुतीला फेरी घालून बारवेवर पोचेपर्यंत घंगाळात मासे उलटे झाले होते. तरी ते जयजयकार करत पाण्यात ओतले, आणि ते पांढरी पोटं वर करून तरंगत राहिले.

पाटलीण पायरीवरून मागं सरली. मग म्हणाली, "बगा. इतके दिवस त्या रांडाव बाईची सावली पडली त्येंच्यावर."

ताट तिथंच टाकून मी धावत घरी आले आणि कडी काढली. कडूबाई माझ्याकडं न बघता बारवेवर गेली, मेलेले मासे पदरात गोळा केले आणि लिंबाखाली पुरले. शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी नवऱ्याला भाकरी टाकली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात गावात पुन्हा काड्या दिसायला लागल्या, आणि पाटलिणीच्या घोट्याला फोड आला. नारू काढावा तर कडूबाईनं, असा तिचा हात होता. पाटलीण लंगडत आमच्या दारात आली. मी म्हटलं, "बाई, हाकला हिला." कडूबाईनं मला बाजूला सारलं. पाटलिणीचा पाय मांडीवर घेतला, ओलं फडकं टाकलं आणि किडा काडीला गुंडाळायला लागली. रोज थोडा थोडा. पाटलीण भीतीनं रडायची, पाय ओढायची. "दचकू नका," कडूबाई हळूच म्हणायची. "दचकलं की तुटंल."

शेवटी शेपूट बाहेर आलं. कडूबाईनं काडी चुलीत टाकली, हात धुतले, आणि पहिल्यांदाच पाटलिणीला अगं-तुगं केलं.

"ऊठ आता! उद्या माझ्यासंगं दुधनेला चल. मासे मी सोडणार, तुझ्या नवऱ्याच्या आन् माझ्या दिराच्या डोळ्यादेखत. मडकं तू वाहायचंस."

पाटलीण घाबरून म्हणाली, "घरातलं घंगाळ आणू का?"

"मातीचं आण, मातीचं!" हे वेशीपर्यंत ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी पाटलीण डोक्यावर मडकं घेऊन, पाणी हिंदकळू न देता, हळूहळू वेशीतून आत आली. ते सगळ्यांनी बघितलं आणि तेवढंच लक्षात ठेवलं. तिच्या पुढं कडूबाई चालत होती.