न काढलेले डोळे

चेहरे सोडून मी नुसते रंग का लावू लागलो, असं मुंबई-पुण्याचे जाणकार विचारतात. काहीतरी जड बोलून मी वेळ मारून नेतो. खरं सांगायची लाज वाटते. मी भ्यालो होतो.

उस्मानपुऱ्यात माझी खोली होती. गेलेल्या माणसांची फोटोवरून हुबेहूब तैलचित्रं काढायची आणि वर चंदनाचा हारही रंगवून द्यायचा, हा माझा धंदा. पाचोडच्या एका बागायतदारानं सत्कारासाठी स्वतःचंच चित्र सांगितलं. हाताला सवय, हार काढून मोकळा झालो. तो न्यायला आला तेव्हा कुठं लक्षात आलं. मी गयावया करू लागलो, तर हसत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर, कधी ना कधी लागनारच हाय." पंधरा दिवसांत लागला.

योगायोग, म्हटलं. मग करमाडच्या एका गुरुजींचं काढलं. त्यात हार सोडाच, फुलाची पाकळीही नव्हती. तेही गेले.

तेव्हापासून जिवंत माणसाचे डोळे काढायची वेळ आली की मी ब्रश खाली ठेवायचो. आधी माणसं पाठमोरी झाली, मग त्यांचे खांदे विरले, शेवटी गेरू, काजळी आणि पिवळा एवढंच उरलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी प्रदर्शनं लागली.

मग बायको आजारी पडली. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून जे सांगितलं, ते तिला आधीच कळलं होतं. लेक दोन वर्षांची. घरात बायकोचा एकच फोटो, लग्नातला, आणि त्यातही मान खाली. एका दुपारी ती हिरवं लुगडं नेसून खिडकीशी बसली. "माझं काढा. डोळ्यासकट. लेकीला दावायला."

मी आज-उद्या करत राहिलो. हिरवा रंग लावायचो आणि थांबायचो. एकदा ती चिडली. "अहो, तुमी नाय काढलं म्हंजी मी जगनार हाय व्हय?" मी ब्रश धुवायला घेतला. महिन्याभरात ती गेली.

आता भ्यायचं कारणच उरलं नव्हतं. कितीदा बसलो. अंबाडा येतो, हनुवटी येते. डोळे आठवत नाहीत.

लेक मोठी झाली. परवा प्रदर्शनात त्या हिरव्या चित्रापुढं उभी राहून म्हणाली, "बाबा, यात आई कुठंय?" मी कोपऱ्यातल्या एका पिवळ्या डागाकडे बोट केलं. खोटंच. तिनं वाकून त्या डागाला नमस्कार केला.