एक जॅकेट कमी

माझं शेवटचं पोस्टिंग कामठीला होतं. इंजिनियर शाखेत अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून घरी आलो आणि आता नागपूरला प्रताप नगरात राहतो. सकाळी फिरायला निघालो की कुणीतरी हटकतंच, "साहेब, बॉर्डरवरचा एखादा किस्सा सांगा ना." बॉर्डरवर मी होतो. पण माझ्या हाताखालचा जो एकच माणूस गेला, तो बॉर्डरवर गेला नाही. घरापासून तासाभराच्या वाटेवर, पारशिवनीच्या बाजूला, कुणाच्या तरी नवसाच्या रोडग्यांपायी गेला. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि बोलणं हवापाण्यावर जातं. लोकांना शत्रू लागतो. मी तरी कुठून आणू?

पावसाळ्यात आमच्या कंपनीला फ्लड रिलीफ कॉलम, म्हणजे पुरात मदतीला धावणारी तुकडी, तयार ठेवावी लागे. सकाळी सहाला बोटी तपासायच्या. ओबीएम, म्हणजे बोटीमागचं इंजिन, पाच मिनिटं चालवून बघायचं. दोर उलगडून पुन्हा गुंडाळायचे. लाइफ जॅकेटचं बकल न् बकल ओढून पाहायचं. एक नियम मी पोरांच्या डोक्यात ठोकून बसवला होता. वाचवणाऱ्याचं जॅकेट अंगावरून उतरत नाही. समोरचा रडो, पाया पडो, उतरत नाही.

नियम मी शिकवायचो, आणि शनिवारी लंगरमध्ये, म्हणजे जवानांच्या भोजनघरात, चहा घेत बसलो की तो मीच मोडायचो. तिथे माझी एक ठरलेली गोष्ट असे. मी हवालदार असताना वर्धा नदीकाठच्या एका गावात पूर आला होता. एक म्हातारी घराच्या ओट्यावर अडकली. जॅकेट संपलेले. मी गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून माझं जॅकेट काढलं, तिला घातलं आणि तिला खांद्यावरून बाहेर आणलं. सीओ साहेबांनी माझी पाठ थोपटली. गोष्ट सांगून झाली की मी म्हणायचो, "पण तुम्ही असला शहाणपणा करायचा नाही." पोरं हसायची. असं शेवटी जोडलेलं वाक्य कुणी मनावर घेत नाही, हे मला कळायला हवं होतं.

ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडायची ती नाईक प्रमोद लांजेवारला. काटोलकडचा, संत्र्याच्या पट्ट्यातला. वय सत्तावीस, दंडावर दोन फिती, अंगाने काटक आणि पाण्यात माशासारखा. स्वभावाने चेष्टेखोर. जेवताना कुणाच्याही ताटातला कांदा उचलायचा. नवीन पोरं आली की तोच मला छेडायचा, "साहेब, थे बुढीची गोष्ट सांगा नं यायले." मग मी सांगायचो. फुशारकी होती, दुसरं काही नाही.

तो श्रावणातला शनिवार होता. सकाळी ११.५० ला तहसीलमधून निरोप आला. पेंच नदीच्या पात्रात एक उंचवटा आहे, त्यावर मारुतीचं देऊळ. तिथे नागपूरचं एक कुटुंब अडकलं होतं. आठ माणसं. आमचे कॅप्टन साहेब दुसऱ्या गावाकडे एक बोट घेऊन आधीच गेले होते. दुसरी बोट माझ्याकडे आली. १.१० ला आम्ही काठावर पोहोचलो.

एरवी देवळापर्यंत रपटा आहे, म्हणजे पात्रातून जाणारा बुटका सिमेंटचा रस्ता. तो दिसतच नव्हता. पाणी गढूळ, वेगाने जाणारं, त्यात ओंडके, एक अख्खी बाभूळ. गावचा कोतवाल छत्री मिटून भिजत उभा होता.

"सकाळी साडेआठलेच म्या अडवलं होतं, साहेब," तो म्हणाला. "धरणाचे दरवाजे उघडून राहिले, जाऊ नका म्हटलं. थे म्हणे, काका, घोट्याइतकं तर पाणी आहे, काहून घाबरून राहिले? गाडी घातली अन् गेले."

बोटीवर प्रमोद आणि दोन सॅपर, म्हणजे आमच्या शाखेचे जवान. बोटीला काठावरून दोर बांधला, तो सोडायला-ओढायला सहा जण. तिघांच्या अंगात त्यांची जॅकेटं, बोटीत आठ जादा. १.३० ला बोट सुटली. २.०५ ला पहिली फेरी परत आली. दोन बाया आणि तीन मुलं. मुलं कुडकुडत होती. त्यांना तसंच उचलून वर ट्रकमध्ये बसवलं, जॅकेटांसकट.

त्यातल्या सूनबाईंना मी विचारलं, "तिकडे किती राहिले?"

"तिघं. सासरे, माझे मिस्टर आणि पुतण्या."

"तिघंच?"

"हो. आम्ही आठच आलो होतो."

मग तिने न विचारताच सांगितलं, डोळ्यांतलं पाणी पुसत. दहा वाजता धरणाचा भोंगा त्यांनी ऐकला होता. तेव्हा रपट्यावर पाणी कमी होतं, निघता आलं असतं. पण रोडगे गोवऱ्यांच्या आरात होते. आमच्याकडे नवस फेडायला देवळात जाऊन कणकेचे हे गोळे भाजतात, वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर पंगत बसते. भाजायला दोन तास लागतात. सासरे भास्करराव, निवृत्त हेडक्लार्क, म्हणाले होते, नवसाचा स्वयंपाक टाकून उठायचं नाही. नैवेद्य दाखवू आणि निघू.

नियमाप्रमाणे माणसांची संख्या दोन वेगळ्या माणसांना विचारायची असते. मी एकीलाच विचारलं. तिघं राहिले, बोटीत तीन जॅकेटं आहेत, बरोबर बसलं. ट्रकमधली पाच काढून आणायला चार मिनिटं लागली असती. पाणी वाढत होतं. मी म्हणालो, "निघ."

प्रमोद म्हणाला, "रोडगे उरले असतील तर आणतो, साहेब." २.१२ झाले होते.

२.२८ ला वॉकीटॉकी वाजला.

"किनारा, बोट. साहेब, इथं एक माणूस जास्ती आहे."

"कोण?"

"आचारी. देवळामागं आगटीपाशी बसला होता. बुढा आहे."

आठ माणसं म्हणजे घरची आठ. पहाटेपासून ज्याने कणीक मळली, गोवऱ्या रचल्या, धूर खाल्ला, तो कुणी मोजलाच नव्हता. फोनवर नाही, तहसीलच्या कागदावर नाही, सूनबाईंच्या तोंडी नाही. नंतर भास्कररावांनी मला सांगितलं, "घरचे आठच होतो हो आम्ही." ते खोटं बोलत नव्हते. त्या क्षणी मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, हेही खोटं नाही.

"तिघांना घेऊन ये," मी म्हणालो. "त्याच्यासाठी परत जाऊ."

वॉकीटॉकी खरखरला. मग, "परत यायले जागा राहत नाही, साहेब. पायऱ्या गेल्या."

मी दुर्बीण लावली. पहिल्या फेरीला देवळाच्या पाच पायऱ्या दिसत होत्या. आता ओट्यावर पाणी चढत होतं.

"मग तसाच घे. मध्ये बसव. धरून ठेवा त्याला."

"ठीक आहे, साहेब."

दुर्बिणीत मला चौघं बोटीत चढताना दिसले. प्रमोद शेवटी चढला. आणि मग त्याचे हात स्वतःच्या बकलाकडे गेले.

मी ओरडलो. "प्रमोद, बकल सोडू नको. प्रमोद, जॅकेट काढू नको. ऑर्डर आहे."

त्याने जॅकेट काढून त्या म्हाताऱ्याच्या गळ्यात अडकवलं. वॉकीटॉकी जॅकेटच्या खिशात होता. माझी ऑर्डर त्याच्यापर्यंत नाही, त्या आचाऱ्याच्या छातीपर्यंत जात होती. मी तरी बोलत राहिलो. काय काय बोललो ते आठवत नाही. शेवटी शेवटी ऑर्डर राहिली नाही, विनवणी झाली.

२.४१. बोट पात्राच्या मध्यावर. वरून एक ओंडका आला, अर्धा पाण्याखाली. सॅपरने वल्ह्याने तो ढकलला, पण त्याचं मूळ ओबीएमच्या पंख्यात गेलं. इंजिन बंद. बोट आडवी झाली आणि प्रवाहाने ती एका झटक्यात उलथवली.

आम्ही दोर ओढत होतो. कोतवाल आला, गावातले चार-पाच जण आले, सगळे दोराला लागले. हाताची सालटं निघाली. उलटी बोट दोराने तसूभर पुढे येई आणि पाणी तिला हातभर मागे नेई. पाण्यावर नारिंगी जॅकेटं दिसत होती. मी मोजली. सहा. दोन सॅपर, भास्करराव, मुलगा, पुतण्या, आचारी. सातवं डोकं जॅकेटशिवाय होतं. ते आचाऱ्याच्या मागे होतं, त्याला बोटीच्या कडेकडे ढकलत होतं. म्हाताऱ्याचा हात कडेला लागला. मी पुन्हा पाहिलं तेव्हा त्याच्या मागे फक्त पाणी होतं.

माझ्याकडे दुसरी बोट नव्हती. पोहत जायला मी पाण्यात उतरलो, तर दोन पोरांनी मला कमरेला धरून मागे ओढलं. बरोबर केलं. पण आजही मला त्यांचा राग येतो.

३.०५ ला सहा जण काठावर आले. आचारी चिखलातच बसला. मी त्याच्या अंगावरचं जॅकेट सोडवायला वाकलो, तर त्याने माझे हात धरले.

"तुमचा आवाज माह्या छातीवर येऊन रायला होता, साहेब. मले बोलाचं बटन कोणतं थे समजे ना. मी काढून देत होतो. त्यानं घेतलं नाही. म्हणे, राहू द्या बाबा, आमचे सुभेदार साहेब असंच करतात."

प्रमोद दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाला. तीन किलोमीटर खाली, पळसाच्या झुडपात.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मला विचारलं, जॅकेट न काढण्याचा नियम जवानाला माहीत होता का? मी म्हणालो, होता, सर. त्याने तो का मोडला असावा? मी म्हणालो, सांगता येत नाही, सर. आचाऱ्याने सगळ्यांसमोर ते वाक्य सांगितलं, तर अध्यक्ष साहेबांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मी गप्प बसलो. एवढा नीच मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

महिन्याभराने त्याच्या गावी गेलो. त्याचे वडील, रामाजी, मला बांधावर घेऊन गेले. संत्र्याच्या झाडाखाली बसलो. मी ठरवून गेलो होतो, म्हणून पाणीसुद्धा न पिता बोललो.

"रामाजी, ती म्हातारीची गोष्ट खोटी आहे. पाणी माझ्या गुडघ्यापर्यंत होतं. म्हातारी घाबरून रडत होती, तिला गप्प करायला म्हणून जॅकेट घातलं. मला कसलाच धोका नव्हता. सांगताना मी पाणी वाढवत गेलो. आधी कंबर, मग छाती, मग गळा. तुमचा पोरगा माझ्या थापेवर विश्वास ठेवून गेला."

त्यांनी एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं. मला वाटलं आता मारतील, आणि मारावं असंही वाटलं.

"मले सांगितलं, ठीक केलं," ते म्हणाले. "त्याच्या मायले सांगू नका. थे त्याच गोष्टीवर उभी आहे."

घरी गेलो तर प्रमोदच्या माउलीने चहा ठेवलेला. कप माझ्या हातात देऊन ती समोर बसली. "साहेब, पोट्टा सुट्टीवर आला की तुमची गोष्ट सांगे. थे बुढीची. तुमच्या तोंडून एकडाव ऐकू द्या नं."

रामाजी खाली बघत होते. मी सांगितली. पाणी गळ्यापर्यंत होतं म्हणून सांगितली.

त्यानंतर दर श्रावणात गेलो आणि दर श्रावणात सांगितली. ती एकही शब्द चुकू द्यायची नाही. मी कुठे थांबलो तर तीच पुढचं सांगायची, "अन् मंग तुम्ही बकल सोडलं." मी म्हणायचो, "हो, मग मी बकल सोडलं." परतताना बसमध्ये मी तोंडावर रुमाल धरून बसायचो.

गेल्या थंडीत ती गेली. तेराव्यानंतर रामाजींचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

"साहेब, आता तिले कायी ऐकू जात नाही. आता खरं लिवा. दुसऱ्याचं पोट्टं तरी वाचंल."

म्हणून लिहिलं. रपट्यावर पाणी असताना गाडी घालणाऱ्यांनी हे वाचावं, आणि बोटीवर जाणाऱ्या पोरांनीही वाचावं. वर्धेकाठच्या त्या अंगणात त्या दिवशी पाणी गुडघ्यापर्यंत होतं. नाईक प्रमोद लांजेवारला ते कुणी सांगितलं नव्हतं.