हनुवटीवर बोट

संक्रांतीनंतरचा रविवार, १९६७. रामेश्वर बेट. हजर: सासूबाई, आमचे हे, नणंद शोभा, मी आणि नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या शेजारच्या मावशी. योगायोगाने हजर: सक्करदऱ्याचे एक इंजिनिअर आणि त्यांचे आईवडील.

नागपूरहून रेल्वेने दोन-तीन दिवस लांब, एका देवळाच्या दारात नागपूरचीच दोन कुटुंबं समोरासमोर यावीत, याचं तुम्हाला नवल वाटेल. मावशींनाही वाटलं. हनुवटीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "अगं बाई! तुम्ही इथं कशे?"

हे बोट आणि ही हनुवटी अख्ख्या महालात प्रसिद्ध होती. मावशी लग्नं जमवत, पण तसं म्हटलं की रागावत. "मी काय जमवून राहिली? माणसं आपसूक भेटतात. मी फक्त तिथं असते." त्यांची माणसं साडीच्या दुकानात भेटत, दातांच्या डॉक्टरकडे भेटत. दाढ कोणाचीच दुखत नसे.

शोभाला बऱ्याच जणांनी पाहून झालं होतं. शेवटच्यांनी पोहे दोनदा मागून घेतले आणि मुलगी अबोल आहे म्हणून कळवलं. त्यावर शोभाने जाहीर केलं, की पुन्हा ट्रे घेऊन कोणासमोर येणार नाही, पारशिवनीला मास्तरीण होऊन राहीन. सासूबाईंनी अंथरूण धरलं. तेव्हा मावशी म्हणाल्या, "दिवाणखान्यात पोरगी मुकी होते. बाहेर काढा तिले."

इतकं बाहेर काढायचं कोणाच्या मनात नव्हतं. पण दोन्हीकडे नोकरीतली प्रवास-सवलत शिल्लक होती. तारखा जुळवायचं काम माझ्याकडे आलं, आणि शोभाला कळू न द्यायचं सगळ्यांकडे.

बेट आरामात पाहायचं म्हणून एकच गाडी ठरवली. आराम कोणालाच नव्हता. सासूबाई देवळाचे खांब सोडून मुलाचं नाक बघत होत्या. टेकडीवर रामाची पावलं आहेत. मुलाची आई शोभाची पावलं बघत चढली. शोभा आणि इंजिनिअर दोघंही समुद्र बघत होते, एक डावीकडचा, एक उजवीकडचा. दुपारपर्यंत एक शब्द नाही.

आता एकच आशा होती. चहानंतर मावशी दोघांना शिंपले दाखवायला नेणार होत्या. चहा झाला, पण मावशीच कुठे दिसेनात.

हाका मारून झाल्या. सासूबाई रडू लागल्या. मी माणसं वाटून दिली. ह्यांना गाडीकडे पाठवलं, मुलाच्या वडिलांना देवळाकडे. सासूबाईंजवळ बसायला मुलाची आई. वाळूत भराभर चालू शकतील अशी दोघंच उरली, त्यांना किनाऱ्याने धाडलं. त्या वेळी माझ्या डोक्यात लग्न नव्हतं.

बऱ्याच वेळाने तिघं परत येताना दिसली. मधे मावशी, कमरेपर्यंत भिजलेल्या. दोन बाजूंनी भांडण.

"त्यांना थोडा वेळ बसू दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" इंजिनिअर म्हणत होता.

"पाण्यात? अन् लाट आली असती तर तुम्ही काढणार होता?"

"मला पोहता येत नाही."

"मग मधात बोलता काहून?"

"तुम्ही ओरडून राहिल्या म्हणून!"

मुलाची आई माझ्या कानाशी म्हणाली, "बोलते बापा!" आवाजात थोडी काळजी होती.

गाडीत मी मावशींशेजारी बसले. हळूच म्हटलं, "मुद्दाम लपलात ना? मानलं तुम्हाला."

त्या पदराचं पाणी पिळत होत्या. या वेळी हनुवटीवर बोट गेलं नाही. "नाही वं. पोरगी आठवलीच नाही मले. एवढं पाणी, अन् त्याच्यात कोणाचंच काही जमवायचं नाही. बसली तर बसलीच." मग माझ्या मांडीवर ओला हात ठेवून म्हणाल्या, "कोणाले सांगू नको. धंदा बसन."

वैशाखात लग्न झालं. महालात मावशींच्या युक्तीचं कौतुक वर्षभर चाललं. मी तोंड उघडलं नाही. आता त्या नाहीत, म्हणून सांगते.

शोभाची मुलगी आता लग्नाची झाली आहे. तीही पोहे घेऊन जायला तयार नाही. शोभाने सगळं माझ्यावर सोपवलं आहे. मुलगा पाहून ठेवला, तारखा जुळवल्या, गाडीवाल्याशी बोलणं झालं. ऐन वेळी खरोखर हरवेल असं माणूस तेवढं अजून मिळालेलं नाही.