हलगी शेकतानाचा भाग

कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळावर हलगी धरायची, उचलायची, बोटानं एकच टिचकी मारायची आणि डोळे मिटून ऐकायचं. मग मान हलवून म्हणायचं, "आजून थंडी हाय तिच्या आंगात." पुसेगावकडचे आमचे हलगीवाले बाबा वाजवण्याआधी अर्धा-पाऊण तास हेच करत. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल, ज्याचं काम नेमकं कधी सुरू झालं हे आपल्याला कळतच नाही.

मी कॉलेजात ग्रंथपाल. जिल्ह्यातल्या काही कॉलेजांनी मिळून कलावंतांच्या कामाचं एक सामायिक डिजिटल भांडार उभारायचं ठरवलं. कलावंत काम करता करता काय शोधतो, ते चित्रित करून ठेवायचं. मग कुठल्याही कॉलेजातून कुणीही ते पाहावं, त्यावर अभ्यास करावा. आमच्या वाट्याचं काम माझ्या गळ्यात पडलं.

बाबा तीनदा आले. कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत जाळ केला. मी कॅमेरा लावून बसायचो. फाईल चढायला वेळ लागला की बाबा लॅपटॉपच्या पाठीला हात लावून म्हणायचे, "ही तर तापली की सर. वाजवा आता."

शेवटच्या दिवशी जाताना मात्र त्यांनी माझा हात धरला. "वाजवणं काय, पोरं ऐकून ऐकून शिकतेत. शेकणं ठेवा. कवा थांबायचं, ते मला कोनी इचारलंच न्हाई."

"ठेवतो बाबा. बराबर ठेवतो."

भांडारात आमच्या वाट्याला जागा कमी होती, हे खरं. पण मागितली असती तर मिळाली असती. एक पत्र लिहायचं होतं. मी कंटाळलो होतो. जाळ, धूर आणि गप्प बसलेला म्हातारा. ते सगळं मला रिकामं वाटलं. मी ते पुसून टाकलं. सहा मिनिटांचं वादन ठेवलं. त्याचं वर कौतुकही झालं.

पुढं बाबा गेले. वर्षभरानं त्यांची लेक आली. बाबा लग्नांत वाजवायला जात तेव्हा ही घरी असायची. हलगी तिनं हातात घेतली ती ते गेल्यावर. तीच तिनं पिशवीतून काढली. कातडं मधोमध तडकलं होतं.

"लई शेकली गेली, सर. कवा उचलावी, कळलंच न्हाई. बाबा म्हनायचे, सरांच्या मशिनीत हाय समदं."

मी म्हणालो, मशीन बिघडली, नेमका तेवढाच भाग गेला.

"आसू द्या सर. मशीनच ती." उलट तिनंच माझी समजूत काढली.

मशीन बिघडली नव्हती. हे आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

मग जे आहे ते दाखवा म्हणाली. मी वादन लावलं. पहिल्याच ठोक्याला हलगी खणखणली. तिनं थांबवायला लावलं. परत सुरुवातीपासून. परत एकदा. ती बाबांकडे बघतच नव्हती. चित्राच्या कोपऱ्यात, बाबांच्या पायांमागं, नुकत्याच विझवलेल्या जाळाचा धूर दोन-तीन सेकंद दिसत होता. तेवढाच माझ्याकडून कापायचा राहिला होता.