दमलेल्या बाईचा पाव

वसुधा दमली होती. आजची नव्हे, चांगली दोन वर्षांची दमलेली. नवरा नरेंद्र सासऱ्यांच्या आजारपणापायी पुण्याला जाऊन बसलेला, लेक अद्वय मास्ट्रिख्टला शिकायला, आणि नीउ-व्हेनेप ह्या डच गावातल्या तीन मजली घरात ही एकटी ऑफिस आणि पुण्याचे फोन सांभाळतेय. कुणी विचारलंच तर म्हणायची, "चाललंय." कसलं चाललंय, नुसतं ओढणं होतं ते.

त्यात शेजारच्या नोराबाई. मूळच्या आयर्लंडच्या, वय ब्याऐंशी. घरातला उभा जिना चढवेना म्हणून सोमवारी वृद्धाश्रमात निघालेल्या. अकरा वर्षांपूर्वी नवख्या वसुधाला सायकल शिकवली ती ह्यांनी, आणि तिला उशीर झाला की अद्वयला शाळेतून आणायच्या त्याही ह्याच. जाण्याआधी त्यांनी एकच गोष्ट मागितली होती, त्यांची आई करायची तसा ओटचा पाव. त्यांचे स्वतःचे हात आता थरथरत. कृतीही त्यांनीच सांगितली. ओट, थोडं गव्हाचं पीठ, मीठ, खायचा सोडा आणि दुकानातलं दाट ताक. त्यात अवघड ते काय?

पहिल्या रविवारी पावाचा दगड झाला. दुसऱ्याही. नोराबाई दोन्ही वेळा "छान झालाय" म्हणाल्या आणि तुकडा बशीत तसाच ठेवला. घरी येऊन वसुधा चक्क रडली. ज्या बाईने एवढं केलं तिच्यासाठी एक पाव जमू नये?

आज शेवटचा रविवार. नोराबाई काठी टेकत आपणहून आल्या आणि स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या. वसुधाने पीठ कालवलं आणि दोन्ही तळव्यांनी तिंबायला घेतलं. दहा मिनिटं तिंबलं, तेलाचा हात फिरवला, वर ओलं फडकं टाकलं. कणीक जितकी तिंबावी तितकी पोळी मऊ, हे आईने लहानपणीच डोक्यात भरवलेलं.

"हे काय करतेस?" नोराबाईंनी विचारलं.

"अर्धा तास मुरू देते."

"अगं, ताक आणि सोडा एकत्र आले की लगेच ओव्हनमध्ये घालायचं. थांबलीस तर फुगायचा दम निघून जातो. आणि मळायचं तर मुळीच नाही."

"मग तुम्ही आधी सांगितलं का नाहीत?"

"पावाला कुणी असं बडवेल, हे मला कसं सुचणार?"

वसुधा मटकन खुर्चीत बसली. "मला वाटलं, कष्ट कमी पडले. म्हणून आणखी तिंबलं."

"माझ्या आईला सात पोरं," नोराबाई म्हणाल्या. "दिवसभर राबून घरी आली की ती हा पाव करायची. दमलेल्या बाईचा पाव आहे हा."

वसुधाने नवं पीठ घेतलं. चमच्याने कालवलं, जेमतेम गोळा केला, सुरीने वर फुलीची चीर दिली आणि ओव्हनमध्ये सरकवला. पाच मिनिटांचं काम. लगेच सवयीने भांडी घासायला वळली, तर नोराबाईंनी तिचं मनगट धरलं.

"बस."

वसुधा बसली. चाळीस मिनिटं दोघी काही न करता बसून राहिल्या. घरभर भाजल्या ओटचा वास पसरला.

पाव छान फुगला. नोराबाईंनी लोणी लावून दोन काप खाल्ले आणि तिसरा उद्यासाठी रुमालात बांधून घेतला. त्यांना दारापर्यंत पोचवून वसुधा परत आली. घासायची भांडी तशीच पडली होती. उद्यापासून आपल्याला "बस" म्हणणारं इथे कुणी नाही, हे तिला तेव्हा कळलं, आणि ती पुन्हा त्याच खुर्चीत जाऊन बसली.