लांब धाग्याची मांजर

मी आयुष्यात एकच मांजर विकत घेतली, आणि तिने एकही उंदीर धरला नाही.

यात दोष तिचा किती आणि माझा किती, यावर आमच्या घरात मतभेद नाहीत. दोष सगळा माझा. मुळात मांजर विकत घ्यायची वस्तू आहे, हेच आमच्या अमरावतीत कुणाला ठाऊक नव्हतं. मांजर एखाद्या सकाळी चुलीपाशी येऊन बसते. आपण हाकलतो, ती परत येते, आणि तिसऱ्यांदा आली की बायको म्हणते, "राहू द्या आता." झाली ती घरची. पण त्या वर्षी मी सरळ वाटेने चालणाऱ्यांतला राहिलो नव्हतो. माझ्याकडे कापूस होता.

सात समुद्रांपलीकडे गोरे लोक आपसांत लढत होते, त्यांच्याकडचा कापूस बंद पडला होता, आणि त्यांच्या भांडणाचं सगळं पुण्य आम्हां वऱ्हाडातल्या लोकांच्या पदरात पडत होतं. काल ज्याला बैल नव्हता तो आज दमणीत बसून फिरत होता. कुणी बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. (बैलांना त्याचं काहीच वाटलं नाही. बैल शहाणे असतात.) आम्ही माळी. गावाबाहेर विहिरीवर आमचा मळा, त्यात वांगी, मेथी, दोडकी, मिरच्या. माझ्या आज्यापासून अर्धी अमरावती आमची भाजी खात आली होती. मी एका वैशाखात तो सगळा मळा उपटला आणि मृगात कापूस पेरला.

माझी बायको भागीरथी धुऱ्याच्या बांधावर उभी राहून बघत होती.

"वांग्याचा एक वाफा तरी राहू द्या," ती म्हणाली.

"वांगे कोन खाते आता?"

"मानसं खातात."

"मानसं आता कापूस पेरून राहिले."

तिने शेवटची पिकली वांगी तोडली, वाळवली, बी काढलं, राखेत घोळलं आणि गाडग्यात भरून तोंडाला फडकं बांधून वर शेणमाती लिंपली. अशी तिची नऊ गाडगी होती, कोठीत एकावर एक रचलेली. वांग्याचं बी माझ्या आईने तिच्या ओटीत घातलेलं होतं, आणि आईला तिच्या सासूने दिलेलं होतं. तसलं हिरवं, पांढऱ्या रेघांचं, लोण्यासारखं शिजणारं वांगं दुसऱ्या कुणाच्या मळ्यात नव्हतं. भागीरथीने माहेरच्या दागिन्यांवर लावला नाही इतका जीव त्या गाडग्यांवर लावला. मला त्याचं हसू येई. आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा येई.

दिवाळीनंतर घोड्यांचे सौदागर आले. ते दरवर्षी घोडे, सुका मेवा आणि लोकरीची पांघरुणं आणत. त्या वर्षी त्यांनी मांजरी आणल्या. वऱ्हाडातले लोक काहीही विकत घेत आहेत, ही बातमी तोवर पार इराणापर्यंत पोचली असावी. एका म्हाताऱ्या सौदागरापुढे वेताचे तीन पिंजरे होते. मी नुसतं बघत होतो. तो म्हणाला, "आइए सेठ."

मला त्याआधी कुणी सेठ म्हटलं नव्हतं. माझं पुढचं सगळं वाटोळं त्या एका शब्दाने केलं.

"ये मस्कत की है," त्याने पहिला पिंजरा दाखवला. आत तांबूस, सडसडीत, आखूड केसांची मांजर होती. "चूहे की दुश्मन. बच्चों के साथ सोती है, रूखी रोटी भी खा लेगी. आपके घर के लिए यही ठीक है."

"आणि हे?"

"ये मलाया की. देखिए, दुम टेढ़ी है. दिनभर बातें करती है, मालिक के पीछे पीछे घूमती है."

दिवसभर बोलणारं आमच्याकडे एक होतं, ते म्हणजे मी. तिसऱ्या पिंजऱ्यात एक पांढराशुभ्र ढीग पडला होता. ढिगाने एक निळा डोळा उघडला, माझी लायकी पाहिली आणि मिटला.

"ये ईरानी है. रोज़ कंघी चाहिए, मलाई चाहिए, ठंडी जगह चाहिए."

"उंदीर धरते का?"

"सेठ, ये बैठती है."

आता बघा, त्या म्हाताऱ्याने एक अक्षर खोटं सांगितलं नाही. तीन मांजरींचे तीन स्वभाव त्याने हातावर ठेवले, कुणाच्या घरी कोणती नांदेल तेही सांगितलं. पण मला कापसातलं कळायला लागून सहा महिने झाले होते, आणि नवा मुसलमान कांदा जास्त खातो म्हणतात तसं माझं झालं होतं. दिसेल त्याचा धागा बघायचा. चिमूट घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरायची, ओढायची, तार किती लांब येते ते मोजायचं. मी बायकोच्या वातींचा धागा बघितला होता, व्याह्याच्या उशीचा बघितला होता. मी पिंजऱ्यांत हात घातला आणि तिन्ही मांजरींचा धागा बघितला.

मस्कतवाली आखूड निघाली. मी ती बाद केली. इराणी मांजरीची चिमूट ओढली तर तार बोटभर आली, रेशमासारखी. मी म्हणालो, "हीच."

म्हाताऱ्याने किंमत सांगितली. ती मी इथे लिहीत नाही, कारण बायको अजून जिवंत आहे.

निघताना त्याने बजावलं, "देसी बोके से दूर रखना. नसल ख़राब हो जाएगी."

आमच्या घरी बोका होता. भुऱ्या त्याचं नाव. एक कान फाटलेला, अंगावर ओरखडे, रोजचे दोन उंदीर, सणावाराला तीन. भागीरथी भाकरी थापायला बसली की तो परातीला टेकून बसे, आणि तिचं मनातलं बोलणं त्याच्यापाशी चाले. मी घरी येऊन बेगमला (हे नाव मी रस्त्यातच ठेवलं होतं) पाटावर ठेवलं आणि सांगितलं की भुऱ्याला आता जावं लागेल.

"कावून?"

"हिची जात बिघडन."

"आपली कोनती जात बिघडली त्याच्यानं?"

मी आवाज चढवला. मांजर मारली तर काशीला जावं लागतं, आणि नदीपार सोडली तर ती परत येत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. वर्धेकाठच्या कौंडण्यपूरची यात्रा तोंडावर होती. भागीरथीने भुऱ्याला दुधात भाकरी कुस्करून घातली आणि पाठ फिरवून बसली. मी त्याला पोत्यात घालून नेलं. वर्धा नदीवर नावाड्याने विचारलं, "पोत्यात काय हाये?"

"भाजी."

पोतं ओरडलं.

"ताजी दिसते," नावाडी म्हणाला.

पलीकडच्या काठावर मी पोतं सोडलं. भुऱ्या बाहेर आला, अंग झाडलं, आणि मागे न बघता तुरीच्या शेतात शिरला. मला वाटलं होतं तो निदान एकदा वळून बघेल.

बेगमचं राज्य सुरू झालं. सकाळी विंचरणं, दुपारी साय, संध्याकाळी परत विंचरणं. उन्हाळा लागला आणि वऱ्हाडच्या उन्हात इराणच्या मांजरीची जीभ लोंबायला लागली. मी रांजणाला ओलं पोतं गुंडाळून तिला त्यावर टेकवून ठेवी आणि स्वतः पंखा घेऊन बसे. गड्यामाणसांना शेतावर काम असे, मला घरी. लोक मुद्दाम बघायला येत. "माळ्याची बेगम उठली का?" असं विचारत, आणि ती माझी थट्टा आहे हे मला कळायला दोन महिने लागले.

उंदीर मात्र लोकांच्या आधी आले. त्यांनी बेगमला दोन दिवस लांबून पाहिलं, तिसऱ्या दिवशी जवळून, आणि चौथ्या दिवशी एक उंदीर तिच्या वाटीतलं दूध प्याला. बेगम तिथेच होती. ती बसली होती.

"कोठीत उंदीर शिरून राहिले," भागीरथी म्हणाली. "गाडगे वर टांगाले शिंके करून द्या."

"उद्या देतो."

तो उद्या दिवाळीपर्यंत आला नाही. नंतर तर कापूस घरात आला, वेचून, रेचून सरकी काढली, रुईचा पांढरा डोंगर झाला, आणि शिंक्याचं मी विसरूनच गेलो.

पौषात रुईची गाडी भरून बाजारात नेली. मुंबईच्या एका पेढीचा पारखी आला होता. डोळे मिटून नुसत्या चिमटीवरून धागा सांगतो, अशी त्याची ख्याती. त्याला बघायला ही गर्दी. तो माझ्या गाडीपाशी आला, डोळे मिटले, ढिगात हात घातला, चिमूट काढली आणि ओढली. ओढतच राहिला.

"अरे वा," तो म्हणाला. "असा धागा मी वऱ्हाडात पाहिला नाही."

सगळा बाजार माझ्याकडे वळला. माझी छाती दोन बोटं वर आली. तेवढ्यात मला ढिगात एक गुलाबी कान दिसला.

बेगम रात्री रुईत झोपायला गेली होती आणि गाडीबरोबर आली होती. मी काय करायला हवं होतं? ओरडायला हवं होतं. थांबा, ही माझी मांजर आहे, असं सांगायला हवं होतं. पण माणसाचं मन मोठं विचित्र. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मालाची चारचौघांत वाहवा होत होती. मी नम्रपणे म्हणालो, "आपली कृपा."

"खालचा माल बघू," पारखी म्हणाला, त्याने कोपरापर्यंत हात खुपसला आणि जे हाताला लागलं ते ओढलं. ती शेपटी होती.

त्यानंतर काय झालं ते नीट कुणालाच सांगता येत नाही. रुई उडाली. पारख्याने डोळे उघडले. बेगम त्याच्या पागोट्यावर चढली, तिथून नाकावर उतरली आणि वाटेत जे जे लागलं ते धरत खाली आली. तिला नखं आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

"कापसात मांजराचे केस मिसळतो!" पारखी नाक धरून ओरडला. "भेसळ!"

"भेसळ नाही जी, मांजर हाये. आख्खी."

"तूच म्हणालास ना, आपली कृपा?"

हे मी म्हणालो होतो, साक्षीला सगळा बाजार होता. तो शब्द अकोल्यापर्यंत माझ्याआधी पोचला. गाडी तिकडे नेली, तर तिथले व्यापारी माल बघण्याआधी विचारत, "यात काय झोपलं हाये?" कुणीही रुईला हात लावला नाही. मी सगळा माल परत आणला आणि कोठीत कोंबला, गाडग्यांच्या वर, खाली, चहूकडे. भाव अजून चढतील, मग बघू, म्हणालो. बेगमचा बाजारात फार अपमान झाला होता, तिच्या शेपटीचे केस गेले होते. मी तिला दिवसातून तीनदा विंचरू लागलो.

होळी झाली, आणि एक दिवस बातमी आली की तिकडची लढाई संपली. गोरे लोक भांडायचे थांबले. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता. कापूस लोक फुकट देऊ लागले तरी घ्यायला कुणी येईना. गादीत भरावा तर किती गाद्यांवर झोपणार? मृग तोंडावर आला तेव्हा मी भागीरथीला म्हणालो, अगदी मोठ्या मनाने म्हणालो, "जाऊ दे. आपन पुन्हा मळा लावू. काढ तुहं बी."

ती उठली. कोठीतली रुई दोन्ही हातांनी बाजूला केली. एक गाडगं आणलं आणि माझ्यापुढे उलटं केलं. फडक्याला भोक होतं. आतून राख पडली, थोडी टरफलं पडली, आणि उंदराने बिछान्याला नेलेली थोडी रुई पडली. माझ्याच मळ्यातली. तिने दुसरं आणलं, तिसरं आणलं, नऊच्या नऊ आणली. ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"कवा झालं हे?"

"संक्रांतीच्या मागून."

"मंग मले सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं होतं. तुमी तिले विंचरून राहिले होते."

मी गावभर हिंडलो. पण सगळ्यांनी माझ्यासारखाच कापूस पेरला होता, वांग्याचं बी ठेवणारं घर उरलं नव्हतं. शेवटी परक्या गावचं आणलं. त्याची वांगी जाड सालीची, बियांनी भरलेली, घशात खवखवणारी. जुनी गिऱ्हाइकं एकदा घेऊन गेली, पुन्हा आली नाहीत. आमच्या आईचं वांगं या जगातून गेलं ते गेलंच. आजही कुणी वांग्याचं भरीत वाढलं की मी पहिला घास घेताना डोळे मिटतो, आणि दर वेळी ते नसतं.

त्या दिवशी नऊ गाडग्यांची राख समोर पडलेली, आणि बेगम त्या राखेच्या कडेला येऊन बसली. माझं डोकं फिरलं. मी काठी उचलली आणि म्हणालो, "हिच्यामुळंच झालं सगळं. आज हिले ठेवत नाही."

भागीरथीने बेगमला उचलून मांडीवर घेतलं. दीड वर्षात पहिल्यांदा.

"तिच्यावर कावून चिडता?" ती शांतपणे म्हणाली. "ते कधी म्हनली का, मी उंदरं धरतो म्हनून? तुमी मात्र लग्नाच्या वक्ती माह्या बापाले सांगितलं होतं, मी माळी हावो म्हनून."

बेगमचं दूध तिने शेवटपर्यंत चालू ठेवलं. माझं त्याच दिवशी बंद केलं.