बाहेर उघडणारं गेट

जगातली एकूण एक भांडणं, भावाभावांच्या वाटण्यांपासून थेट देशादेशांच्या लढायांपर्यंत, कुंपण नियमाप्रमाणे न घातल्यामुळे होतात, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आहे आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. लग्न ठरवताना आमच्या वडीलधाऱ्यांनी पत्रिका पाहिली, घर पाहिलं, शेती पाहिली. मामा पाहायचा राहून गेला. आता तक्रार करून उपयोग नाही. मामा आष्टीहून शिरूर कासारकडे जाताना लागणाऱ्या एका गावात राहतात. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, कारण हे छापून आलं तर ते आधी पानाच्या चारी बाजूंचा समास मोजतील आणि मग मला फोन करतील.

मामांच्या सदऱ्याचा डावा खिसा कायम ओघळलेला असतो, कारण त्यात पोलादी टेप असतो. मामा कधी बसत नाहीत. चहासुद्धा उभ्याने, नव्हे, चालत्याने पितात. कप हातात येतो तेव्हा ते अंगणात असतात, बशीत ओततात तेव्हा रस्त्यावर, आणि शेवटचा घोट कुणाच्या तरी भिंतीला खेटून घेतात. त्यांच्यासोबत दहा मिनिटं घालवली की मलाही एका जागी थांबवत नाही, पाय आपोआप हलायला लागतात. खूप वर्षांपूर्वी स्वतःच्या घराला भिंत घालताना बांधकामाच्या नियमांचं एक पुस्तक त्यांच्या हाती लागलं, आणि लोक पोथी वाचतात तसं त्यांनी ते वाचलं. रस्त्याकडची भिंत छातीच्या वर न्यायची नाही, न्यायचीच असेल तर वर जाळी हवी. कोपऱ्यावरच्या प्लॉटची भिंत वळणाशी बुटकी हवी, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते. भिंतीवर काचा रोवायच्या नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेट आतच उघडलं पाहिजे. रस्ता सगळ्यांचा, त्यात आपलं गेट लोटणं हा त्यांच्या लेखी दरोडा.

माझ्या मेव्हण्यासाठी आम्ही चकलांब्याला मुलगी पाहायला गेलो होतो. मंडळी पोहे घेऊन बसली, मुलगी येऊन गेली, आणि मामांचा पत्ता नाही. ते बाहेर गेट उघडत होते आणि लावत होते. परतताना जीपमध्ये सगळ्यांनी त्यांचं मत विचारलं, तर म्हणाले, "पोरगी लई गुणाची हाय. पण गेट भाईर उघडतंय." पुढे कितीतरी दिवस ते हाच मुद्दा धरून बसले. शेवटी मुलीच्या बापाने बिजागऱ्या फिरवून गेट आत घेतलं, तेव्हा कुठे मामांनी साखरपुड्याचा नारळ हातात घेतला. मेव्हण्याच्या बायकोला आजही सासरी कुणी काही बोललं, तर ती म्हणते, माझ्या बापाने गेट फिरवलं आहे.

माझी स्वतःचीही यातून सुटका झाली नाही. आष्टीतलं आमचं घर नेमकं कोपऱ्यावर. भिंत पूर्ण झाल्यावर मामा आले, टेप काढला, आणि वळणाकडचा भाग गुडघ्याएवढा करायला लावूनच गेले. वाहनं दिसायला लागली हे खरं, पण शेळ्यांनाही आमचा कढीपत्ता दिसायला लागला. बायकोची तुळस तीनदा गेली. "शेळ्यांना नियम कोण सांगणार?" असं तिने मामांना विचारलं, तर ते गंभीरपणे म्हणाले की तो विषय बांधकामात येत नाही.

एवढा नियमाचा माणूस, आणि त्याच्या अगदी शेजारी नियमाचा मागमूस नसलेलं घर. मामांच्या पलीकडे अंकुश आणि सुमन हे जोडपं राहतं. दोन पत्र्याच्या खोल्या, पुढे मोठं अंगण, आणि भोवती बाभळीच्या काट्यांची कुपाटी, तीही अर्धी रस्त्यात आलेली. दिवाळी झाली की ही दोघं बैलगाडी घेऊन ऊस तोडायला जातात आणि गुढीपाडव्याच्या पुढेमागे परततात. जाताना अंकुश दारात काटेरी फांद्यांच्या मोठाल्या काट्या लावून वाट बंद करतो आणि खोलीची किल्ली मामांकडे देतो. खोलीत चोरून नेण्यासारखं फारसं काही नसतं. जपायची असते ती अंगणातली कडब्याची गंज. ती दोघं येतात तेव्हा ऐन उन्हाळा असतो, रानात काडी नसते, आणि हंगामभर ऊस ओढून आलेल्या बैलांना घालायला तेवढा कडबाच असतो. मामा दरवर्षी किल्ली घेत, कुपाटीला शिव्या देत, कडब्यावर लक्ष ठेवायचा शब्द देत आणि अंकुश गेला की काट्या रस्त्यात किती आल्या आहेत ते मोजत.

गेल्या हंगामात मामांनी ग्रामपंचायतीत एक अर्ज केला. खरं तर त्यांचा सगळा राग गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या एका पुढाऱ्यावर होता. त्याची भिंत माणसाहून उंच, वर काचा, आणि गेट उघडलं की अर्धी गल्ली अडते. पण एका माणसाविरुद्ध तक्रार करणं मामांना कमीपणाचं वाटलं. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून त्यांनी लिहिलं की गल्लीतली सगळी नियमबाह्य कुंपणं काढून टाकावीत. मला अर्ज वाचून दाखवला तेव्हा 'सगळी' या शब्दावर ते थोडा वेळ थांबले होते, समाधानाने. मीही वा म्हणालो.

अर्ज मंजूर झाला. जेसीबी गल्लीत शिरला, पुढाऱ्याच्या बंगल्यावरून सावकाश पुढे गेला, आणि अंकुशच्या कुपाटीसमोर येऊन उभा राहिला. त्या घरात माणूस नव्हतं, त्यामुळे काम सोपं होतं. मामा धावत जाऊन आडवे उभे राहिले. ही हकिकत मला मामींनी सांगितली, आणि सांगताना त्यांना हसावं की रडावं ते कळत नव्हतं. जेसीबीबरोबर आलेल्या माणसाने अदबीने कागद पुढे केला. "मामा, अर्ज तुमचाच हाय." मामांनी विचारलं, पुढाऱ्याच्या बंगल्याचं काय? त्याने सांगितलं की तिकडे नोटीस निघणार आहे. मामा म्हणाले, "आरं, घरात माणूस न्हाई त्याच्या. ते आले म्हंजी काढा." तर तो म्हणाला, काट्या रस्त्यात आल्यात का नाही तेवढं सांगा. मामांनी काट्यांकडे पाहिलं. हात खिशाकडे गेला, पण टेप काढावा लागला नाही, कारण माप त्यांना पाठ होतं. "आल्यात," म्हणाले, आणि स्वतःच बाजूला झाले.

दुसऱ्या दिवशी मला फोन आला. "जावईबापू, पाना आन पक्कड घिऊन या. आत्ता." मी घाबरून कारण विचारलं, तर फोन ठेवलेला. गेलो तर मामा अंगणात येरझारा घालत होते. मोकाट जनावरांनी पहिल्याच दिवशी गंजीचा एक कोपरा फस्त केला होता. मामी सांगत होत्या की सकाळपासून माणसाने काही खाल्लेलं नाही, नुसता इकडून तिकडे फिरतोय. मामांनी मला एका वाक्यात काम सांगितलं: त्यांच्या घराचं गेट काढायचं आणि अंकुशच्या दारात बसवायचं.

ते गेट म्हणजे मामांचा जीव. गावात कुणी भिंत घालायला काढली की त्याला ते मुद्दाम दाखवायला आणत, एका बोटाने आत लोटून दाखवत. आम्ही ते बिजागऱ्यांवरून उचललं, दोघांनी धरून जपून पलीकडे नेलं आणि अंकुशच्या दारातल्या दोन लाकडी खांबांना तारेने बांधलं. कुपाटीच्या जागी मामांनी स्वतःच्या भिंतीवरची जाळी उतरवून ताणली. सगळं झाल्यावर मी गेट लोटून पाहिलं. ते आत जाईना. दाराच्या मागेच कडब्याची गंज होती, गेट फक्त रस्त्याकडेच उघडत होतं. मला हसू आवरेना. म्हटलं, "मामा, बाहेर उघडतंय."

मामांनी तारेचा शेवटचा वेढा आवळला. "उघडायचंच न्हाई ते," म्हणाले. "त्यांची गंज हाय तवर झाकलेलंच ऱ्हाईल."

त्यांचा चेहरा पाहून माझं हसू तिथल्या तिथे विरलं. इतकी वर्षं या माणसाचा मला वैताग यायचा, आणि त्या क्षणी तो मला फार आवडला. हे मी त्यांना सांगितलं नाही. पाना पिशवीत टाकला आणि घरी आलो.

मग बाकीचा हंगाम मामा बसून राहिले. होय, बसून. स्वतःचं दार उघडं पडलं होतं, तेव्हा भर दुपारी खुर्ची टाकून, काठी घेऊन ते आपल्याच दारात बसत. तरीही त्यांचा एक पाय सारखा हलत असे, आणि नजर पलीकडच्या गंजीवर. मामींची वांग्याची रोपं गेली, गुलाब गेला. गंजीची मात्र त्यानंतर एक पेंढी गेली नाही. पाडव्यानंतर अंकुश आणि सुमन आले. बैल सोडले, त्यांच्यापुढे कडबा टाकला. मामा भिंतीजवळ उभं राहून बैलांचं खाणं संपेपर्यंत बघत होते. अंकुशने गेट उतरवायला हात घातला तर त्याला म्हणाले, "कशाला काढतो रं? दिवाळीला परत जायचंच हाय ना तुला?" अंकुशने गेट तसंच राहू दिलं. संध्याकाळी तो कुऱ्हाड घेऊन ओढ्याकडे गेला, बाभळीच्या चांगल्या घट्ट काट्या तोडून आणल्या आणि मामांच्या उघड्या दारात लावून दिल्या.

परवा मी गेलो तेव्हा त्या तिथेच होत्या. पुढाऱ्याची भिंत काचांसकट उभी आहे, नोटीस अजून निघतेच आहे. मामा थकलेत. टेप खिशात आहे, पण आता तो क्वचित बाहेर येतो. भर रस्त्यात आलेल्या काट्या काठीने बाजूला सारून मी आत गेलो तेव्हा पँटला काटा लागून ती फाटली, आणि मी वाट पाहत राहिलो की मामा आता तरी नियम काढतील. त्यांनी माझी फाटलेली पँट पाहिली, चहा मागवला आणि माझ्याशेजारी बसून प्यायला. निघताना मी काट्यांपाशी पोहोचलो तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"जावईबापू, काटी परत नीट लावून जा. अंकुशनं लावलीय."